सगळंच चिकटवून टाकलंय

मागच्या नोव्हेंबरात, चेन्नईच्या ऐन पावसात, माझा लॅपटॉप बंद पडला. वय दोन वर्षं तीन महिने, म्हणजे वॉरंटी संपून गेलेली. कंपनीच्या सेवाकेंद्रातल्या मुलानं तो दहा मिनिटं आत नेला आणि सांगितलं, मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त. ‘आणि आतलं लिखाण?’ ‘ते जाणार सर. स्टोरेज बोर्डावरच आहे.’

आतलं लिखाण म्हणजे एका तमिळ कादंबरीचा मराठी अनुवाद, १४० पानं. त्यातली ८० मी आधी दुसरीकडे उतरवून ठेवली होती, ६० नव्हती. ती ठेवायला हवी होती हे मला मान्य आहे, तेव्हा कुणी तसं पत्र लिहिण्याची तसदी घेऊ नये. पण घराला कुलूप लावायला विसरणं ही माझी चूक असली, तरी बिल्डरनं घर आणि तिजोरी एकाच विटेत घडवून ठेवावी, हा काही माझ्या विसरभोळेपणाचा भाग नाही.

आवडीहून लोकल पकडली, सेंट्रलला उतरलो आणि रिची स्ट्रीट गाठला. तिथल्या एका गाळ्यात बसणाऱ्या कारागिराकडे मी वीस वर्षं जातो. त्यानं तळाचं झाकण काढलं, भिंग लावलं आणि एकेक गोष्ट चिमट्याच्या टोकानं दाखवली. रॅम सोल्डर केलेली. स्टोरेजच्या चिपा सोल्डर केलेल्या. बॅटरी गोंदानं बसवलेली. ‘एल्लामे ओट्टिट्टांग, सार,’ तो म्हणाला. सगळंच चिकटवून टाकलंय. आठ दिवस त्यानं खटपट केली. बोर्डाचा नकाशा कंपनी देत नाही, जळलेली चिप बाजारात मिळत नाही. पैसे न घेता त्यानं लॅपटॉप परत केला. ६० पानं गेली.

मी संगणकाचा वेडा आहे. नवा फोन आला की त्याची आतली रचना वाचल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे हा लेख यंत्रांवर रुसलेल्या म्हाताऱ्याचा समजू नये. माझं भांडण यंत्रांशी नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत यंत्र घडवताना एक गोष्ट जाणूनबुजून बाद केली गेली, ती म्हणजे ते पुन्हा उघडलं जाईल ही अपेक्षा. भांडण तिच्यावरून आहे.

ही अपेक्षा काय असते, ते आवडीत वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. माझे वडील अंबरनाथहून बदली होऊन इथल्या अवजड वाहन कारखान्यात फिटर म्हणून आले. १९६५ साली याच कारखान्यातून पहिला ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. पुढे टी-७२ आले. रणगाडा बनवण्याइतकंच मोठं काम तिथे ओव्हरहॉलचं असतं. वर्षानुवर्षं वापरलेला रणगाडा परत येतो, सुटा केला जातो, झिजलेलं बदललं जातं आणि तो पुन्हा उभा राहतो. वडिलांना मी एकदा नवा फोन दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा केला, कडेवरून नख फिरवलं आणि विचारलं, ‘याचे स्क्रू कुठेत?’ नाहीत म्हटल्यावर, ‘मग ओव्हरहॉल कसा करतात?’ मला उत्तर देता आलं नाही. करत नाहीत, हेच उत्तर होतं.

आता पातळपणाचं बघा. २०२५ साली सॅमसंगनं ५.८ मिलिमीटर जाडीचा फोन काढला आणि चार महिन्यांत ॲपलनं ५.६ मिलिमीटरचा. मधल्या ०.२ मिलिमीटरवर केवढ्या जाहिराती झाल्या! कॅमेऱ्याचा उंचवटा त्या मापात धरतच नाहीत. वधूची उंची टाचा सोडून सांगावी तसा हा प्रामाणिकपणा म्हणता आला असता, पण इथे सोडलेला भाग लपवलेला आहे. एवढ्या पातळ अंगात बॅटरी लहानच बसणार. म्हणून ॲपलनं त्याच दिवशी त्या फोनच्या पाठीला चिकटणारी वेगळी बॅटरीही विकायला ठेवली. आधी जाडी काढून घ्यायची, मग तीच जाडी वेगळ्या किमतीला परत द्यायची.

लॅपटॉपमध्ये हा खेळ आधी होऊन गेला. २०१६ साली ॲपलनं मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय काढलं, कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच काढली, चुंबकानं लागणारा चार्जर काढला. ज्यांनी तक्रार केली त्यांना जुनाट ठरवलं गेलं. २०२१ साली तिन्ही गोष्टी परत आल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच वर्षं ॲडॅप्टरांची माळ बाळगलेल्यांची कुणी माफी मागितली नाही.

या रचनेच्या बाजूनं दिली जाणारी कारणं मी टाळत नाही. पहिलं कारण पाण्याचं. फोन पाण्यात पडला तरी टिकावा म्हणून तो गोंदानं बंद करावा लागतो, असं सांगतात. २०१४ सालचा गॅलॅक्सी एस-५ आठवा. त्याचं मागचं झाकण नखानं निघायचं, बॅटरी हातानं बदलता यायची आणि तरी तो पाण्यात तग धरायचा. झाकणाला आतून रबराची कड होती, एवढंच. थोडी जाडी वाढते, हे खरं. पण मग ‘अशक्य आहे’ म्हणू नका, ‘आम्हाला नको आहे’ म्हणा.

दुसरं कारण वेगाचं, आणि ते जास्त वजनदार आहे. मेमरी प्रोसेसरच्या जितकी जवळ, तितकं काम जलद आणि वीज कमी. हे भौतिकशास्त्र आहे, त्याच्याशी मी वाद घालत नाही. पण यावरही उपाय निघाला आहे. एलपीकॅम-२ नावाची, कमी विजेवर चालणारी आणि स्क्रूनं बसवायची मेमरी २०२४ सालच्या थिंकपॅड पी-१ मध्ये आली. त्याच वर्षी थिंकपॅड टी-१४ मध्ये बदलता येणाऱ्या रॅमच्या दोन खाचा परत आल्या. फ्रेमवर्क नावाची कंपनी तर २०२१ पासून ग्राहकाला स्वतः उघडता येईल असाच लॅपटॉप विकते. शिवाय वेगाचा मुद्दा मेमरीचा आहे. माझी पानं ज्या स्टोरेजमध्ये अडकली, ते बोर्डाला सोल्डर करायला तेवढंही कारण नाही.

तिसरं कारण सगळ्यांत लबाड. म्हणे लोकच दुरुस्त करत नाहीत, दोन वर्षांत नवा घेतात. कुठले लोक? आमच्या इस्टेटीच्या मागच्या गल्लीत इस्त्री करणाऱ्या बाईंचा फोन आधी त्यांच्या मुलाचा होता आणि त्याच्याआधी आणखी कुणाचा तरी. आपल्या देशात वस्तू एका हातात मरत नाही, ती तीन हातांतून जाते. बॅटरी चिकटवली की तिसरा हात बाद होतो. पातळपणाची चैन पहिला करतो आणि तिची किंमत तिसरा मोजतो.

आणि हे सगळं आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर घडतं, म्हणून जास्त टोचतं. श्रीपेरुंबुदूरला २००६ ते २०१४ नोकियाचा कारखाना होता. पाठ उघडून बॅटरी हातानं काढता येणारे फोन तिथून निघत. आज त्याच औद्योगिक पट्ट्यात फॉक्सकॉन आयफोन जोडते. आसपासच्या जिल्ह्यांतल्या मुली वसतिगृहात राहून हे फोन जोडतात. फोन जोडण्याचं कसब आपल्या हातांत आहे, तो उघडण्याची परवानगी मात्र नाही.

सरकारनं यात पडू नये, रचना हा कंपनीचा प्रश्न आहे, असं म्हणणाऱ्यांना एक आठवण. आज भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर मराठी वाचता येतं, ते कंपन्यांना मराठीचा पुळका आला म्हणून नव्हे. २०१६ च्या केंद्राच्या आदेशानं भारतीय भाषांचा आधार सक्तीचा केला. त्याआधी कित्येक फोनांवर आपली अक्षरं चौकोनी डबे होऊन दिसत. तेव्हाही ‘बाजार ठरवेल’ असंच सांगितलं जाई. बाजारानं डबे ठरवले होते.

युरोपनं हे ओळखलं. २० जून २०२५ पासून तिथे फोन विकायचा तर त्याच्या लेबलवर दुरुस्तीसुलभतेची श्रेणी छापावी लागते, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग पुरवावे लागतात. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल निघालं, २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाबद्दल समितीचा अहवालही आला. चांगलं झालं. पण पोर्टलवर मला सेवाकेंद्रांचे पत्ते नकोत, ते मला ठाऊक आहेत. मला माझ्या बोर्डाचा नकाशा हवा, जळलेली चिप वाजवी दरात हवी आणि स्टोरेज सुटं निघायला हवं. या तीन गोष्टी सक्तीच्या करा. मग रिची स्ट्रीटचा माझा कारागीर बाकीचं बघून घेईल.

लिहिणाऱ्यांनी तरी हे प्रकरण तंत्रज्ञानाच्या पुरवणीत ढकलून देऊ नये. आपली हस्तलिखितं आता याच डब्यांत राहतात. वाळवी लागलेल्या वहीतूनही निम्मी पानं हाती लागतात. मेलेल्या बोर्डातून एक ओळ येत नाही.

हा लेख मी २०१२ सालच्या लॅपटॉपवर लिहितोय. त्याची रॅम मी एकदा वाढवली, डिस्क दोनदा बदलली, बॅटरी तिसरी आहे. जाड आहे, जड आहे, बायको त्याला पाटा म्हणते. तळाला आठ स्क्रू आहेत. त्या ६० पानांपैकी ११ आतापर्यंत पुन्हा झाली.