शफाअत म्हणजे वशिला नव्हे

सूफी साहित्याच्या अनुवादात ‘शफाअत’ आली की आपण डोळे झाकून ‘शिफारस’ लिहितो. माझी त्याला सक्त हरकत आहे. त्या एका शब्दाबरोबर अख्खा दरबार आत येतो: वर बादशहा, खाली अपराधी आणि मध्ये ओळखीचा माणूस.

दिल्लीच्या शाह इस्माईल यांनी (मृत्यू १८३१) ‘तक्वियतुल ईमान’मध्ये हाच दरबार उभा केला. वजिराच्या वजनामुळे मिळणारी माफी आणि लाडक्यांच्या हट्टापायी मिळणारी माफी, दोन्ही त्यांनी अल्लाहच्या बाबतीत अशक्य ठरवल्या. परवानगीने केलेली रदबदली तेवढी राहू दिली. फज्ले हक खैराबादी त्यांच्यावर तुटून पडले. भांडण मोठं झालं, पण वजन कोणाचं चालतं, एवढ्यापुरतंच.

कयामतच्या दिवशीची रदबदली धर्मग्रंथांत आहे, ती कोण नाकारतो? पण अरबीत याच धातूचा ‘शफ्अ’ म्हणजे सम, जोडी. एकट्याला जोड देणं हा मूळ अर्थ. सूफींनी तो जागता ठेवला, कारण त्यांच्या लेखी मृत्यूपाशी हिशेबाची वही मिटत नाही. इब्न अरबींच्या (११६५–१२४०) मते ईश्वराचं प्रकटणं कधी तेच ते नसतं, म्हणून मृत्यूनंतरही जीवाचं ज्ञान वाढतच राहतं. वाट शिल्लक असलेल्याला माफीपत्र घेऊन काय करायचं? त्याला सोबत हवी.

दर्ग्यात लोक नोकरी मागतात, मुलगा मागतात, हे मला कोणी सांगायला नको. मागोत बापडे. अनुवादकाने मात्र तेवढंच ऐकू नये.

आणि इक्बालचं काय कराल? पीरबाजीवर त्यांच्याइतके कोरडे थोड्यांनी ओढले असतील. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ते बजावतात की अमरत्व हा आपला हक्क नाही, ते कमवावं लागतं. स्वर्ग म्हणजे सुट्टी नव्हे. तेच इक्बाल दोन वर्षांनी ‘जावेदनामा’त आकाशांच्या प्रवासाला निघतात ते रूमींना वाटाड्या करून. रूमी १२७३ साली कोन्यात वारलेले! ते तिथे इक्बालसाठी कोणापुढे हात जोडत नाहीत. बरोबर चालतात, दाखवतात, समजावतात. याला शिफारस म्हणायचं?

‘वसीला’चीही आपण अशीच गत केली. अरबीत ते जवळ पोचण्याचं साधन. मराठी कचेरीत शिरून त्याचा ‘वशिला’ झाला. तो आता परत येणार नाही. ‘शफाअत’ अजून हातात आहे. ती आहे तशी ठेवा, नाहीतर सरळ ‘सोबत’ लिहा.