आकाशाची हद्द

बेळगावची वेस ओलांडून आमच्या शहापुरात पाऊल टाकले की राज्य बदलत असे, हे आम्ही वाडवडिलांकडून ऐकत आलो. बेळगाव इंग्रजांचे, शहापूर सांगलीकर पटवर्धनांचे. १९४८ साली संस्थान विलीन होऊन ती हद्द पुसली गेली. १९५६ साली दुसरी आखली गेली. त्यामुळे नववीतील एका विद्यार्थ्याने परवा, "सर, उडती टॅक्सी चंदगडहून बेळगावला आली, तर परमिट कोणत्या राज्याचे?" असे विचारले, तेव्हा आम्हाला हसू आले नाही.

बॅटरीवर चालणारी, अनेक पंख्यांच्या बळावर जागच्या जागी उभी चढणारी ही विमाने आता केवळ कल्पनेतली राहिलेली नाहीत. चीनने २०२३ साली अशा एका वैमानिकरहित विमानास प्रमाणपत्र दिले. अमेरिकेने २०२४ साली वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे नियम केले. आपल्याकडे विमाने व हवाई मार्ग हा राज्यघटनेतील केंद्रसूचीचा विषय. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा विमानांच्या तळांविषयी मार्गदर्शक सूचना २०२४ सालीच काढल्या. तेव्हा आकाशाची राज्यवार वाटणी नाही, हे आम्ही त्या मुलास सांगितले.

परंतु विमान अखेर जमिनीवरच उतरते. आणि जमीन, पोलीस व नगरपालिका हे राज्यसूचीतील विषय आहेत. तळ कोठे व्हावा आणि विमान कोणाच्या छपरावरून जावे, हा प्रश्न शेवटी गल्लीतच येऊन पोहोचणार.

वाचकहो, चंदगड भागातील रुग्ण बेळगावच्या इस्पितळांत येतात. पावसाळ्यातील रस्त्यावर अडलेल्या एखाद्या बाळंतिणीस हे वाहन जीवदान देऊ शकेल. म्हणून पहिला मान रुग्णाचा, श्रीमंताच्या घाईचा नंतर, असे नियमातच लिहिलेले असावे. तसेच ज्यांच्या घरांवरून विमान जाणार, त्यांना सूचना आधी मिळावी आणि ती त्यांना वाचता येईल अशा भाषेत मिळावी. न वाचता आलेल्या सूचनेवर हरकत कोण घेणार? कागदोपत्री मात्र ती संमतीच ठरते. सीमाभागात राहणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको.

आकाशास हद्द नसेल. खाली राहणाऱ्या माणसाला मात्र पत्ता असतो. नियम करणाऱ्यांनी तो विसरू नये, इतकेच आमचे मागणे आहे.