वर गेलं की सजा वाढते?

मांजरसुंब्याच्या फाट्यावर आमची बैठक उठल्यावर एक बाई मागे थांबली. तिची थोरली बहीण गांजाच्या खटल्यात दहा वर्षांची सजा भोगते आहे. अपील केलंत का, असं विचारलं तर म्हणाली, "नगं ताई. वर गेलं की सजा वाढती म्हणतेत."

मैत्रिणींनो, ही भीती खरी नाही. आरोपीने केलेल्या अपिलात कोर्ट सजा कायम ठेवते, कमी करते किंवा सोडून देते. वाढवायची तर सरकारला वेगळे अपील करावे लागते. उच्च न्यायालयात जायची मुदत 60 दिवसांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. अर्ज तुरुंगाधिकाऱ्यामार्फत देता येतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

खोटी आशा मात्र दाखवू नये. 20 किलोंहून जास्त गांजा शाबीत झाला, तर वरचे कोर्टही दहा वर्षांच्या खाली येऊ शकत नाही. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने संजय दत्तची शस्त्र कायद्याखालची सजा सहावरून पाच वर्षांवर आणली; तेव्हाच्या कायद्यात त्याहून कमी नव्हतीच. त्याच वेळी सत्तरीच्या झैबुन्निसा काझींची टाडाखालची पाच वर्षे कायम झाली. घरात ठेवून घेतलेल्या सामानात शस्त्रे आहेत हे ठाऊक नव्हते, हे त्यांचे म्हणणे कोर्टाने मानले नाही. माफीची हाकाटी कुणासाठी जास्त झाली, ते सांगायला नको!

संजय दत्त 2016 मध्ये सूट मिळून मुदतीआधी सुटला. गांजाच्या कैद्याला अशी सूट जवळपास नाहीच. म्हणून तिला अपील हेच दार. 'दादू' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितले, की अपील चालू असताना या गुन्ह्यातही कोर्ट सजा स्थगित करू शकते, अटी कडक असल्या तरी. शिवाय घरात सापडलेला माल नवऱ्याचा की बायकोचा, तिला ठाऊक होता का, हे अपिलात पुन्हा तपासता येते. आमच्या मते बायकांच्या खटल्यांत खरी लढाई इथेच आहे. दंड लाखाच्या खाली येत नाही, पण तो न भरल्यास भोगायची जादा कैद कमी होऊ शकते.

निकालाची नक्कल कैद्याला फुकट मिळते. ती घेऊन ही बाई पुढच्या बैठकीला येणार आहे. 60 दिवस कधीच उलटले आहेत. उशिराचे कारण लिहायला आम्ही तिच्यासोबत बसू.