पाणी हक्काचे, मत स्वतःचे



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे. पाण्यावर माणसाचा हक्क आहे, तो कोणाच्या मेहेरबानीचा विषय नाही, हे सिद्ध करण्यासाठी. त्या ओंजळीचा मतदानाशी काय संबंध, हे बारामती आणि इंदापूर या तालुक्यांकडे पाहिल्यास ध्यानात येईल.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती तालुक्यातील मासाळवाडी येथे, मते न दिल्यास गावाचे पाणी तोडण्याची धमकी दिल्याचा आरोप तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यावर झाला. त्यांनी तो नाकारला. एप्रिल २०२४ मध्ये, मते मिळाली तर निधी मुबलक, नाही तर हात आखडता, अशा अर्थाचे त्यांचे इंदापूर येथील भाषण गाजले. त्यात आचारसंहितेचा भंग नाही, असा निर्वाळा निवडणूक अधिकाऱ्यांनी दिला. या प्रकरणांचा निवाडा करणे आमचे काम नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. मत गुप्त असताना अशा बोलण्याची भीती वाटतेच का?

उत्तर मोजणीच्या रीतीत आहे. तुमचे एकट्याचे मत कोणासही कळत नाही. परंतु यंत्रांतील मते केंद्रवार मोजली जातात आणि ते आकडे प्रसिद्ध होतात. व्यक्ती झाकली जाते, वस्ती मात्र उघडी पडते. मतपत्रिकांच्या काळी अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. अनेक यंत्रांतील मतांची एकत्र बेरीज देणारे ‘टोटलायझर’ निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले, पण केंद्र सरकारने ते मान्य केले नाही. यामुळे गैरप्रकार झाकले जातील, असे कोणी म्हणेल. परंतु कोणत्या केंद्रावर एकूण किती मते पडली, याची नोंद स्वतंत्र राहतेच. तेव्हा ही मागणी आपण ठामपणे केली पाहिजे.

तोवर कायदा जाणून घ्या. अनुसूचित जाती-जमातींच्या मतदारास अमुक उमेदवारास मत दे अथवा देऊ नको म्हणून धमकाविणे, तसेच मतदानानंतर त्याच्यावर बहिष्कार घालणे, हा अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली २०१५ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. १९९० पासून अनुसूचित जातींतील बौद्धांचाही त्या वर्गात समावेश आहे. म्हणून दीक्षा घेतल्याने हे संरक्षण सुटते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका.

बंधूंनो, बलुत्याची भाकर आपण सोडली, कारण तिच्यासोबत लाचारी येत होती. मताच्या मोबदल्यात मिळणारे पाणी हे नव्या काळाचे बलुतेच होय. ज्या निधीतून नळ येतो, तो तुमच्याही करांतून जमतो. तेव्हा नळ मागा तो नागरिक म्हणून, आणि मत द्या ते विवेकाला स्मरून. या दोहोंची गाठ कोणी घालू लागला, तर घाबरून घरात बसू नका. चारचौघांना सोबत घेऊन तक्रार लेखी नोंदवा आणि तिची पोच मागून घ्या.

जय भीम!