राही काय करते?



या पावसाळ्यात आवणी उरकल्यावर अकोल्याला एका बैठकीला गेले होते. हे अकोले पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, कळसूबाईच्या पायथ्याचे. विदर्भातल्या अकोल्याशी त्याची नेहमी गल्लत होते आणि इथल्या लोकांना ती दर वेळी निस्तरावी लागते. बैठकीच्या हजेरीवहीतही तशीच गल्लत झाली. तीन जणींचे नाव एकच : राही. वही लिहिणाऱ्या मुलीने सवयीने प्रत्येकीपुढे नवऱ्याचे नाव घातले आणि प्रश्न मिटवला. शेजारी 'व्यवसाय' असा रकाना होता. तिथे तिघींपुढे एकच शब्द : घरकाम.

ही वही सरकारी नव्हती. आपल्याच संघटनेची होती.

मग आम्ही कामाबद्दल बोलत बसलो. एक राही भाताची आवणी करते, हंगामात हिरडा गोळा करते आणि गावात काम नसले की मजुरीसाठी नारायणगावला जाते. दुसरी शाळेत पोषण आहार शिजवते आणि चार शेळ्या सांभाळते. तिसरी आशा म्हणून पाड्यापाड्यावर फिरते. तरीही "काय करता?" असे विचारल्यावर पहिल्या दोघींचे उत्तर होते, "काही नाही, घरीच असते."

राही हे नाव आपल्याकडे जुने. पंढरपूरच्या विठ्ठलाशी रखुमाईबरोबर जोडलेले. पण आज याच तालुक्यात ते नाव उच्चारले की लोकांना कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवतात. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी समाजाच्या बाईने वालाचे, घेवड्याचे, भाताचे गावठी वाण घरात जपले, वाढवले, इतरांना दिले. 'बायफ' संस्थेची साथ मिळाली आणि घरातल्या बियाण्यांची बँक झाली. २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

जरा विचार करा. बी निवडणे, राख लावून मडक्यात भरणे, तोंड शेणमातीने लिंपणे, पुढच्या पेरणीपर्यंत किडीपासून राखणे, ही सगळी कामे आपल्या हजेरीवहीत कुठल्या रकान्यात गेली असती? घरकामाच्याच. पुरस्कार मिळाल्यावर तेच काम संवर्धन झाले. त्यातही जगाने त्यांना नाव दिले 'बीजमाता'. त्या नावामागे आदर आहे, प्रेमही आहे. पण पुरुषाने हेच केले असते तर त्याला बियाणेतज्ज्ञ म्हटले असते. बाईचे ज्ञान मान्य करायचे तर आधी तिला आई करावे लागते.

दुसऱ्या राही कोल्हापूरच्या. राही सरनोबत यांनी हातात पिस्तूल घेतले आणि २०१८ साली जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. महाराष्ट्र शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारी पद दिले. म्हणजे एक राही माती सांभाळते, तर दुसरी त्या मातीचा सातबारा ठेवणाऱ्या महसूल खात्यात अधिकारी झाली. तिसऱ्या राही भिडे. पत्रकारितेत पुरुषांची गर्दी असताना त्या मराठी दैनिकाच्या संपादक झाल्या. या तिघींत नावापलीकडे फारसे काही सारखे नाही. जात, शिक्षण, घरची परिस्थिती, सारेच निराळे. सारखी गोष्ट एवढीच की तिघींचे नाव घेतले की काम आठवते, नवरा किंवा बाप नव्हे.

हे सहज घडत नाही. दीडशे वर्षांपूर्वी तर नाव राखणेही बाईच्या हाती नव्हते. यमुना नावाच्या दोन मुलींची लग्नानंतर नावे बदलली. एक झाली रमाबाई रानडे, जिने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. दुसरी झाली आनंदीबाई जोशी, जी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. दोघींनी कर्तृत्व गाजवले, पण माहेरची यमुना दोघींच्याही चरित्राच्या पहिल्या पानावरच राहिली.

आज काय बदलले? १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. आपण त्याचे स्वागत केलेच पाहिजे. पण त्याच निर्णयात विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लावण्याची पद्धत तशीच राहिली. मुलाच्या नावात आई आली, आईच्या नावात मात्र तिची आई अजून यायची आहे.

आणि कामाचे काय? २०११ च्या जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे घरच्या शेतावर बिनमजुरीने राबणे हेही काम होते. सहा महिने वा अधिक काम करणारी 'मुख्य', त्याहून कमी करणारी 'सीमांतिक'. फक्त घरकाम करणारी मात्र 'काम न करणारी'. म्हणजे व्याख्येत राहीला जागा होती. पण प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर बहुधा घरातला पुरुष देतो. बाईने दिले तरी ती "घरीच असते" म्हणते. तिथेच तिची आवणी, तिचा हिरडा, तिच्या शेळ्या कागदावरून पुसल्या जातात. आणि जे कागदावर नाही त्याच्यासाठी मजुरीचा दर, पेन्शन, कर्ज कोण मागणार?

आता २०२७ ची जनगणना ठरली आहे. त्यासाठी मोर्चा नको, निधी नको. गावोगावच्या गटांनी एक बैठक घ्यावी आणि प्रत्येकीने आपण वर्षभरात कोणकोणती कामे करतो ते महिन्यावार मोठ्याने सांगावे. एकदा मैत्रिणींसमोर सांगितले की परक्यासमोर सांगायला जीभ अडखळत नाही. सुरुवात आपल्या हजेरीवहीपासून करू. दोन राही असतील तर त्यांना नवऱ्याच्या नावाने वेगळे करू नका, कामाने करा.

अकोल्याच्या त्या वहीत आम्ही तेच केले. 'घरकाम' खोडले. तिसरी राही आशा, ते लिहायला क्षणही लागला नाही. दुसरीने स्वयंपाक आणि शेळ्या सांगितल्या. पहिलीची कामे लिहिता लिहिता रकाना पुरेना, म्हणून समासात लिहावे लागले. लिहून झाल्यावर तिने वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, "वाचून दाखव बरं पुन्हा."

तुमच्या वहीत काय निघते ते जरूर कळवा.