फेणे मोठा का होत नाही?

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला फार आवडतो. फुरसुंगीचा हा पोर सायकलीवरून संकटांना भिडतो. मात्र पुस्तकामागून पुस्तके संपली तरी वयाने वाढत नाही! उलट रोलिंगबाईंचा हॅरी पॉटर १९९७ ते २००७ मधील सात भागांत अकराचा सतरा वर्षांचा होतो. आप्त गमावतो, मोठ्यांवर शंका घेतो.

घर सोडून वसतिगृहात राहणे, सुट्टीत परतल्यावर घरीच थोडे परके वाटणे, हे आम्हा धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांइतके कोणाला ठाऊक? जादूचीही येथे वानवा नाही. याहामोगी, राजापांठा यांच्या कथा सातपुड्यात आहेतच. मग नायकाला मोठे होऊ देणारी कादंबरीमाला इथली का नसावी? प्राध्यापक म्हणतील, आधी परीक्षा. मान्य! पण पहिला भाग कोणीतरी लिहायला घ्यावा, आणि त्यातील पोरे पुणेरी बोलू नयेत.