‘गुड न्यूज’ आधी कुणाला?

‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही हं!’ दिवस राहिले की आई, सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांचा हाच हुकूम. आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांना तो परवडतो. लॅपटॉप, मोबाईल, पँट्रीतला मायक्रोवेव्ह यांचं रेडिएशन एक्स-रेच्या जातीचं नसतंच.

पण भांडुपला एलबीएस रोडवरून चक्कर मारा. डायग्नोस्टिक सेंटरच्या पाट्या दिसतील. आत एक्स-रे काढणारी मुलगी कदाचित तुमच्याच वयाची असेल. माझी एक मैत्रीण त्यातलीच. दुसरा महिना लागला तेव्हा म्हणाली, ‘‘बॉस म्हणेल, घरी बस. पोट दिसेपर्यंत गप्पच राहते.’’

‘‘अगं, तुझा नियम तू सांगितल्यावरच सुरू होतो!’’

खरंच. आपल्या अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाहा. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात जास्तीत जास्त ३०. गरोदरपण कळवल्यानंतर मात्र पोटातल्या बाळाला फक्त १. न कळवणारी सेंटरच्या लेखी ३०वालीच!

आणि बाळाच्या मेंदूसाठी सगळ्यात नाजूक काळ ८ ते १५ आठवड्यांचा. म्हणजे गप्प राहण्याचे तीन महिने नेमके त्यात घुसतात. लगेच घाबरू नका. मेंदूला इजा होण्याची भीती साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे. नीट भिंत, नीट पडदा असलेल्या एक्स-रे रूममध्ये डोस त्याच्या जवळपासही जात नाही. पण छातीवरच्या टीएलडी बॅजच्या भरवशावर राहू नका. बॅज रेडिएशन अडवत नाही, नुसतं मोजतो, आणि रिपोर्ट तीन महिन्यांनी येतो.

मग करायचं काय? सेंटरच्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवा, कॉपी स्वतःकडे ठेवा. बॅजचे जुने रिपोर्ट मागून घ्या. पेशंटला धरून उभं राहणं, वॉर्डातला पोर्टेबल एक्स-रे, कॅथलॅब, ही कामं दुसऱ्याला द्यायला सांगा. राहिली नोकरीची धास्ती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची २०१४ची मानकं स्पष्ट सांगतात, कळवलं म्हणून बाईला कामावरून दूर करायचं नाही, काम बदलून द्यायचं.

तेव्हा काकूंना चौथ्या महिन्यात सांगा, चालेल. पहिला पेढा सेफ्टी ऑफिसरला!